लॉकडाऊनमधले पगार नक्की कोणी द्यायला पाहिजे होते? (आमच्या घरातलं भांडण मिटवा)

टर्नर_भोसरी

नमस्कार मंडळी. विषय जुना आहे, २०२० चा, पण परवाच्या रविवारी आमच्या घरी तो परत उकरला गेला आणि ताटं तशीच ठेवून लोक उठले म्हणून इथं विचारतोय.

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, लेथ आणि मिलिंगचं जॉबवर्क. तेव्हा १४ माणसं होती. २४ मार्चला रात्री आठला भाषण झालं, दुसऱ्या दिवशी शटर खाली. मग केंद्राचा आदेश आला की काम बंद असलं तरी पगार पूर्ण द्यायचा. अण्णांनी (माझे वडील) मार्च पूर्ण दिला, एप्रिल निम्मा दिला तो पण एफडी मोडून, आणि मे मध्ये प्रत्येकाला किराणा भरून दिला आणि हात जोडले. वरच्या कंपनीकडून आमचंच बिल पाच महिने अडकलेलं. अण्णा म्हणतात सरकारनं स्वतः एक रुपया न देता आमच्या खिशातून दानधर्म केला.

आणि समोर बसलेला माझा आतेभाऊ. तो तेव्हा चाकणला ठेकेदारामार्फत लाईनवर होता. त्याला मार्चचे २२ दिवसांचे पैसे मिळाले आणि नंतर ठेकेदाराचा फोन बंद. तो म्हणतो आदेश होता तर मला का नाही मिळालं, मामा तुम्ही मालक लोक सगळे एकच. झालं, तिथून पेटलं.

माझा प्रश्न साधा आहे. तो आदेश खरंच कायदा होता का, पुढं त्याचं काय झालं, आणि आपल्यासारख्या बाकीच्या गरीब देशांनी काय केलं? का सगळीकडं असंच, ज्याचं त्यानं बघायचं? कोणाला नीट माहीत असेल तर सांगा, व्हॉट्सअपचे फॉरवर्ड नकोत.

---

पेरोलवाली

दादा, मी तेव्हा पिंपरीतल्या एका कन्सल्टन्सीत पेरोल बघायचे, ४०-४५ छोट्या युनिटचे पगार आमच्याकडून निघायचे, त्यामुळे ते तीन महिने माझ्या डोक्यात कोरलेत. तुमचे अण्णा आणि आतेभाऊ दोघंही खरं बोलतायत, तीच तर गोची आहे.

तो आदेश २९ मार्च २०२० चा, केंद्रीय गृहखात्याचा, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली काढलेला. लिहिलं होतं की बंदच्या काळात सगळ्या मालकांनी, दुकान असो का कारखाना, ठरलेल्या तारखेला कपात न करता मजुरी द्यायची. त्याच आदेशात घरमालकांनी कामगारांकडून महिनाभर भाडं मागू नये असंही होतं, ते किती खोल्यांमध्ये पाळलं गेलं ते तुम्हाला माहितीच आहे. म्हणजे आदेश होता आणि न पाळल्यास कारवाईची भाषा पण होती. पण पैसा कुठून यायचा याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

मग मालक लोक कोर्टात गेले. आपल्या औरंगाबाद खंडपीठानं ३० एप्रिलला सांगितलं की पगार द्या, फक्त जेवणाचा आणि येण्याजाण्याचा भत्ता कापला तर चालेल, आणि जिथं काम सुरू व्हायला परवानगी मिळालीय तिथं जो स्वतःहून येत नाही त्याचा पगार कापता येईल. १८ मे पासून केंद्रानं तो आदेशच गुंडाळला. आणि १२ जूनला सुप्रीम कोर्टानं म्हटलं की मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, मधल्या पन्नासेक दिवसांच्या पगाराचं मालक आणि कामगारांनी आपसात बसून मिटवा. आता तुम्हीच सांगा, ठेकेदाराचा फोन बंद आहे तो आतेभाऊ कोणासोबत बसणार होता? कायद्यात ठेकेदारानं पैसे नाही दिले तर मूळ कंपनीनं द्यायचे हे १९७० पासून आहे, पण त्यासाठी आधी हा आमच्याकडं होता असं कंपनीच्या रजिस्टरला दिसायला पाहिजे ना.

सरकारनं एक रुपया दिला नाही हे मात्र पूर्ण खरं नाही हं. एक स्कीम होती, मालकाचा १२ आणि कामगाराचा १२ असा २४ टक्के पीएफ केंद्र भरणार, आधी तीन महिने, पुढं ऑगस्ट पर्यंत वाढवली. अट अशी की युनिटमध्ये शंभरपर्यंत माणसं आणि त्यातल्या ९० टक्क्यांचा पगार १५ हजारांच्या आत. मी स्वतः किती चलनं भरली त्याची. पण तुमच्याकडं १४ माणसं, आणि पीएफ लागूच होतो २० पासून. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच स्कीमच्या बाहेर. याच्या उलट एकाकडं ९५ माणसं होती आणि बऱ्याच जणांना पंधरा हजार दोनशे वगैरे पगार, तो गडी ९० टक्क्यांची अट दोन माणसांनी हुकला, महिनाभर मला फोन करून काही होतंय का विचारायचा.

ईएसआयचं (कामगार विमा) पण होतं. नोकरी गेली तर सरासरी रोजाच्या ५० टक्के, नव्वद दिवसांपर्यंत. आधी २५ टक्के होतं, ते वाढवलं. कारखान्याला ईएसआय दहा माणसांपासून लागतो, त्यामुळे तुमच्या पोरांचं कार्ड असेल तर ते बसले असते. पण आमच्याकडून ज्यांनी अर्ज टाकले त्यातले मोजकेच सुटले, कारण अर्ध्या लोकांच्या आधार आणि कार्डावरच्या नावात फरक, उरलेल्यांना अशी काही योजना आहे हेच माहीत नव्हतं. आणि पीएफमधून तीन महिन्यांचा पगार किंवा जमा रकमेच्या ७५ टक्के, यातलं जे कमी ते काढायची सोय दिली होती, ती मात्र लोकांनी धडाधड वापरली. आपलेच पैसे, आपणच काढले, आणि जाहिरात मदत म्हणून. असो.

---

टर्नर_भोसरी

ताई खूप धन्यवाद, एवढं नीट पहिल्यांदाच कळलं. ईएसआय होतं आमच्याकडं, पण ही ५० टक्केवाली भानगड खरंच अण्णांना माहीत नव्हती, मला पण नाही. आता सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल.

आणि ते बिनतारण कर्ज होतं ना एमएसएमईचं, म्हणजे छोट्या उद्योगांचं, तीन लाख कोटीवालं? अण्णा बँकेत गेले होते, मॅनेजर म्हणाला तुमचं आधीचं कर्ज नाही म्हणून तुम्हाला बसत नाही. हे खरं का उगाच कटवलं?

---

पेरोलवाली

खरं आहे. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के नवीन द्यायचं अशी ती स्कीम. बाकी शून्य तर २० टक्के पण शून्य. आयुष्यभर कर्ज न काढता धंदा केला त्याचं बक्षीस.

---

रोजगारसेवक_जालना

मी ग्राम रोजगार सेवक आहे (गावात रोजगार हमी, म्हणजे रोहयोची कामं बघतो), जालना जिल्हा. शहरातल्या पगाराचं आम्हाला काय कळत नाही पण तुमच्याकडून जे निघाले ते आमच्याकडं आले म्हणून लिहितो.

मे २०२० मध्ये आमच्या गावात पुणे, मुंबई, वाळूज इकडून तीनशेच्या वर लोक वापस आले. आधी शाळेत चौदा दिवस, मग घरी. त्यातल्या निम्म्या पोरांनी आयुष्यात कुदळ धरलेली नव्हती, कोणी मॉलमध्ये, कोणी डिलिव्हरीला, एक तर हॉटेलात चायनीज बनवणारा. सगळ्यांचा एकच प्रश्न, भाऊ कामं निघतेत का. अडचण अशी की जॉब कार्ड बापाच्या नावावर, पोराचं नाव त्यात नाही, किंवा दहा वर्षांपूर्वी पुण्याला गेला म्हणून कमी केलेलं. रात्री दोन दोन वाजेपर्यंत नावं चढवली मी. नमुना ४ (काम मागायचा अर्ज) भरून घ्यायचा आणि तारखेची पोच द्यायची, कारण पोच दिली की पंधरा दिवसात काम द्यावंच लागतं नाहीतर बेकारी भत्ता. वरून तोंडी सांगणं असायचं की पोच देऊ नका. मी दिल्या. त्यापायी बोलणी पण खाल्ली.

काम निघालं हे सांगतो मी. बांधबंदिस्ती, शेततळे, झाडं लावायचे खड्डे. मजुरी २३८ रुपये होती त्या वर्षी महाराष्ट्रात. पुण्यात पाचशे सहाशे कमवणाऱ्याला २३८ म्हणजे काय ते समजून घ्या, पण चूल पेटली. देशात त्या वर्षी ११ कोटींच्या वर माणसं रोहयोवर आली, ३८९ कोटी मनुष्यदिवस भरले. बजेटला ६१,५०० कोटी ठेवले होते, मे मध्ये ४० हजार कोटी अजून टाकले, शेवटी खर्च १ लाख ११ हजार कोटीच्या आसपास गेला. हे वाढू शकलं ते एकाच कारणानं, कायद्यात मागेल त्याला काम होतं म्हणून. मागणी आली की पैसा मागून यायलाच पाहिजे, उशिरा का होईना.

म्हणून आता पोटात गोळा येतो. डिसेंबर २०२५ ला संसदेत नवीन कायदा झाला रोहयोच्या जागी. दिवस १०० चे १२५ झाले हे चांगलं, ऐकायला पण छान. पण पैसा राज्यवार आधीच ठरवून देणार, त्याच्या वर गेला तर राज्यानं बघायचं, आणि जे आहे त्यात पण राज्याचा वाटा ४० टक्के. उद्या परत तसं काही आलं आणि तीनशे पोरं शाळेत येऊन बसली तर मी पोच कोणाच्या भरवशावर देऊ?

आणखी एक. ८ मे ला पहाटे करमाडजवळ रुळावर १६ जण मालगाडीखाली गेले ते आमच्या जालन्यातूनच निघाले होते, स्टीलच्या कारखान्यात होते, मध्य प्रदेशचे. भुसावळहून गाडी मिळेल म्हणून रात्रभर चालले अन थकून रुळावरच झोपले. १ मे पासून श्रमिक गाड्या सुरू झाल्या होत्या, म्हणजे गाडी होती, पण त्या गाडीच्या यादीत नाव कसं लावायचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात रुळावर पडलेल्या चपात्यांचा फोटो होता. मला अजून कोणी लॉकडाऊन म्हणलं की तेच दिसतं.

---

कट्ट्यावरचा_इतिहास

रोजगारसेवक भाऊ, सलाम.

थोडं अवांतर, पण हे बऱ्याच नोकरदार मंडळींना माहीत नसतं. सॅलरी स्लिपवर पी.टी. म्हणून दर महिन्याला २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) कापले जातात ना, तो व्यवसाय कर १९७५ साली आपल्या राज्यात आणला तो रोजगार हमीला पैसा पाहिजे म्हणून. ७२ च्या दुष्काळात गावोगाव खडी फोडायला लोक उतरले, वि. स. पागेंनी योजना लावून धरली, १९७७ ला कायदा झाला. देशाचा रोहयो कायदा यायला २००५ उजाडलं. म्हणजे शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या बेकाराच्या मजुरीचा वाटा उचलायचा, हा करार आपल्याकडं ५० वर्षांपूर्वी झालेला आहे. २०२० ला उलटं झालं, शहरातला बेकार खेड्यात गेला आणि शहरात त्याच्यासाठी हमी नावाचं काहीच नव्हतं. आजही नाही.

अजून जुनं सांगू का. १८९६-९७ च्या प्लेगात मुंबईची जवळपास निम्मी वस्ती पळाली. गिरण्यांना माणूस मिळेना, तर महिन्याचा पगार हातचा राखून देणारे मालक रोजच्या रोज रोकड मोजायला लागले, नाक्यावर उभं राहून एकमेकांचे कामगार जास्त पैसे देऊन पळवायचे. त्याच प्लेगात साथरोग कायदा १८९७ आला. अवघ्या चार कलमांचा कायदा, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं तोच बाहेर काढला. त्यात माणसाला अडवायचं कसं हे आहे, अडवलेल्या माणसानं खायचं काय हे नाही. गोऱ्यांनी ते लिहिलं नव्हतं हे समजू शकतो, पण मधल्या सव्वाशे वर्षांत आपण पण नाही लिहिलं.

---

फॅब्रिकेशन_शेठ

सगळे मालकांवरच घसरणार हे माहीत होतं 😀 माझं पण युनिट आहे, २२ माणसं. मी एप्रिल पूर्ण दिला, मे पाऊण दिला. पण एक विचारतो, धंदा वाचला नाही तर कामगार कुठं जाईल? म्हणून त्या वेळी काही राज्यांनी कायदे ढिले केले ते मला तरी चुकीचं वाटलं नाही. सतरा रजिस्टरं आणि चार इन्स्पेक्टर सांभाळून कोण माणसं वाढवणार.

---

पेरोलवाली

शेठ, रजिस्टरं कमी करा याला माझा पण पाठिंबा आहे, ती मीच लिहायचे 😀 पण तेव्हा जे झालं ते रजिस्टरचं नव्हतं. यूपीनं तीन वर्षांसाठी जवळपास सगळेच कामगार कायदे बाजूला ठेवायचा वटहुकूम मंत्रिमंडळात मंजूर केला. गुजरातनं १७ एप्रिलला १२ तासांची पाळी केली आणि जास्तीच्या तासांना दुप्पट दर देण्याची गरज नाही म्हणून टाकलं. कारण काय दिलं तर महामारी ही सार्वजनिक आणीबाणी आहे. १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं ते उडवलं, म्हणाले कारखाना कायद्यातली आणीबाणी म्हणजे युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता, आणि साथीचं ओझं कामगारांच्या पाठीवर टाकता येणार नाही, ओव्हरटाइमचा फरक द्या. महाराष्ट्रानं पण तासांची सूट दिली होती पण दुप्पट दर ठेवून, एवढं श्रेय द्यायला पाहिजे.

आणि मला तेव्हा कळलं नव्हतं, अजून कळत नाही की ऑर्डरच नाहीत, माल पडून आहे, अशा वेळी १२ तास राबवून करायचं काय होतं? चौदा माणसांना काम पुरत नाही तिथं पाळी लांबवली की दहाच माणसं लागतात. म्हणजे उपाय बेकारीवर आणि गोळी बेकारी वाढवायची.

---

फॅब्रिकेशन_शेठ

आता ते सगळं जुनं झालं ताई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले) लागू आहेत, तीनशेपेक्षा कमी माणसं असली तर कामगार कपातीला परवानगी लागत नाही. १२ तासांचं पण आपल्याच मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर केलं, तिमाहीला ओव्हरटाइम ११५ चा १४४ तास. तेव्हा केलं तर पाप आणि आता केलं तर सुधारणा का?

---

पेरोलवाली

बरोबर पकडलंत. माझ्याकडं याला उत्तर नाही. फक्त एवढं सांगते की यातले तीन कोड संसदेत पास झाले तेच सप्टेंबर २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना, आणि विरोधक सभात्याग करून बाहेर. त्यात डिलिव्हरीवाली पोरं पहिल्यांदा कायद्यात आली हे चांगलं झालं, कंपनीनं वर्षाच्या उलाढालीचा १ ते २ टक्के त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचा. तो पैसा पोरांपर्यंत कसा येतो ते बघू, आपण आहोतच इथं.

---

ढाक्यातला_इचलकरंजीकर

उशिरा आलो. बाकीच्या देशांचं विचारलं होतं ना, मी बारा वर्षं ढाक्यात आहे, कपड्याच्या ऑर्डरी बघतो (युरोपातल्या दुकानांसाठी माल बनवून घेणं, क्वालिटी, शिपमेंट वगैरे), त्यामुळे तिथलं डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

मार्च २०२० मध्ये आम्हाला रोज मेल यायच्या, ऑर्डर कॅन्सल, ऑर्डर होल्ड. कापड कापून झालेलं, शिवून झालेलं, तरी कॅन्सल. तीनेक अब्ज डॉलरचा माल असा लटकला. आणि तिथं जवळपास ४० लाख माणसं या एका धंद्यावर, बहुतेक बायका. तर २५ मार्चला शेख हसीनांनी ५,००० कोटी टाकाचा (टाका म्हणजे तिथलं चलन) फंड जाहीर केला, फक्त निर्यात कारखान्यांच्या पगारासाठी. फुकट नाही, मालकाला कर्ज, २ टक्के सर्व्हिस चार्ज. पण यातली हुशारी अशी की पैसा मालकाच्या हातात द्यायचाच नाही, थेट कामगाराच्या बँक किंवा मोबाईल खात्यात, म्हणजे बिकॅश, नगद, रॉकेट असले त्यांच्याकडचे वॉलेट. एप्रिलच्या दोन आठवड्यांत लाखो खाती उघडली गेली, आमच्या एका फॅक्टरीच्या गेटवर टेबल टाकून पोरी अंगठे देत होत्या. ज्या कारखान्यात काम बंद त्यांना एप्रिलचा ६५ टक्के पगार असं ठरलं. म्हणजे तुमच्या अण्णांचा प्रश्न तिथं असा सुटला, पगार मालकानंच द्यायचा पण आज सरकार उसने देतं, उद्या हप्त्यानं फेड. पूर्ण नाही सुटला, फेडताना नंतर रडारड झालीच, मुदती वाढवून घेतल्या.

आता लगेच बांगलादेश महान असं समजू नका. ४ एप्रिलला कारखाने उघडणार म्हणून हजारो बायका मैमनसिंगकडून वगैरे चालत, ट्रकवर लटकत ढाक्यात आल्या, आणि रात्री घोषणा की बंद वाढवला, परत जा. नोकरी जाईल या भीतीनं आल्या होत्या बिचाऱ्या. आणि जे निर्यात करत नाहीत, म्हणजे रिक्षावाले, घरकामवाल्या, गल्लीतले छोटे शिवणवाले, ते त्या ५ हजार कोटीत कुठंच नाहीत. तिथं पण तेच, ज्याचं नाव गेटच्या रजिस्टरला त्याला मिळालं.

ब्राझीलचं मी फक्त वाचलंय. त्यांनी असंघटित लोकांना महिना ६०० रेआल (तिथलं चलन) दिले पाच महिने, नंतर ३००, एकटी आई असेल तर दुप्पट. एकूण ६ कोटी ८० लाख माणसांना, म्हणजे दर तिघांत एक. त्यांच्याकडं गरीब कुटुंबांची एक जुनी राष्ट्रीय नोंद होती, ती धरली आणि जे त्यात नाहीत त्यांना ॲपवरून अर्ज करायला सांगितलं. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो साथीलाच फालतू म्हणत होता, तरी त्याच्या काळात तिथली गरिबी त्या वर्षी उलट कमी झाली. पैसे बंद झाल्यावर परत वाढली हे वेगळं.

आणि टोगो! आफ्रिकेतला छोटासा देश, आपण नकाशावर शोधत बसू. त्यांनी एप्रिल २०२० च्या पहिल्या पंधरवड्यात साध्या बटनवाल्या फोनवरून पैसे पाठवायला सुरुवात केली. यादी कुठली, तर मतदार यादी, कारण तिथं मतदार नोंदणीत माणसाचा धंदा लिहिलेला असतो. बाईला पुरुषापेक्षा थोडे जास्त. मला हे फार आवडलं, नवीन यादी करत बसले नाहीत, घरात होती ती उचलली.

---

नाक्यावरचा

वरच्या दादांनी यादीचं काढलं म्हणून लिहितो नाहीतर मी फक्त वाचतो इथं.

मी ठाण्यात नाका कामगारांच्या नोंदणीचं काम करतो, पगारी नाही, संध्याकाळी. आपल्याकडं पण घरात यादी होती आणि पैसा पण होता. बांधकाम कामगार कायदा १९९६ चा, दर बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर बिल्डरकडून घ्यायचा आणि कामगार कल्याण मंडळात टाकायचा. २४ मार्च २०२० ला केंद्राच्या कामगार मंत्र्यांनी राज्यांना कळवलं की या निधीत मिळून ५२ हजार कोटी आहेत, साडेतीन कोटी नोंदीत कामगार आहेत, त्यांच्या खात्यात टाका. म्हणजे मजुराच्याच नावानं जमवलेले पैसे वर्षानुवर्षं पडून होते. महाराष्ट्रानं एप्रिल २०२० मध्ये २ हजार दिले, नंतर परत ३ हजार, आणि दुसऱ्या लाटेत १३ एप्रिल २०२१ ला जे ५,४७६ कोटींचं पॅकेज आलं त्यात दीड हजार. घरेलू कामगार, फेरीवाले, परवानावाले रिक्षावाले यांना पण दीड हजार, आदिवासी कुटुंबांना खावटी. पण प्रत्येक ठिकाणी आधी एक शब्द होता, नोंदणीकृत.

आमच्या नाक्यावर सकाळी दोनेकशे माणूस उभा राहतो. मार्च २०२० ला त्यात नोंदणी किती जणांची? मी हातानं मोजली होती, ३१. का, तर वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि नाक्यावरचा माणूस रोज वेगळ्या मुकादमाकडं. कोण देणार दाखला? दिला तर मुकादम शंभर दोनशे मागतो. बरं एकदा झाली की झालं असं पण नाही, दरवर्षी नूतनीकरण. बिहारचा, नांदेडचा माणूस चार महिने गावी जातो, तारीख चुकते, यादीतून बाहेर. ज्याला लॉकडाऊनमध्ये दोन हजार आले तो आणि ज्याला नाही आले तो, दोघं एकाच परातीत सिमेंट कालवत होते.

१४ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत विचारलं की वाटेत किती मजूर मेले, तर उत्तर आलं की अशी माहिती ठेवलेली नाही, म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. घरी परत गेलेले किती ते मात्र सांगितलं, १ कोटी ४ लाख. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता, त्यात ठेकेदारानं प्रत्येकाचं पासबुक ठेवायचं, येण्याजाण्याचं भाडं द्यायचं, सगळं लिहिलेलं. मी वीस वर्षांत एक पासबुक बघितलं नाही. नंतर सुप्रीम कोर्टानं कान पिळले तेव्हा २९ जून २०२१ च्या निकालात सांगितलं की असंघटित कामगारांचं पोर्टल सुरू करा आणि एक देश एक रेशनकार्ड सगळ्या राज्यांत लावा. ऑगस्ट २०२१ ला ई-श्रम आलं. आता त्यात ३० कोटींच्या वर नावं आहेत. यादी झाली. तिच्यावर अजून महिन्याचे पैसे कोणाला आलेले मी तरी बघितले नाहीत, अपघात विमा तेवढा होता. रेशनचं मात्र खरंच उपयोगी झालं, आमच्या चाळीतली पाटण्याची बाई इथल्या दुकानातून गहू-तांदूळ उचलते, दुकानदार आधी तोंड वाकडं करायचा, आता करत नाही.

---

टर्नर_भोसरी

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रात्री अण्णांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ढाक्याचं ऐकून म्हणाले, असं उसने दिले असते तर मी चौदाच्या चौदा ठेवले असते, हप्ते फेडले असते, वरच्या कंपनीचं बिल आल्यावर. ईएसआयचं सांगितल्यावर बराच वेळ गप्प बसले, मग कपाटातून जुनं हजेरी रजिस्टर काढलं आणि कोणा कोणाचं कार्ड होतं ते बघत बसले. बारा जणांचं होतं.

आतेभावाला पण लिंक पाठवली, त्यानं नुसता अंगठा टाकलाय 👍 म्हणजे राग थोडा उतरला असावा. आता तो चाकणला नाहीये, परभणीच्या एका माणसाबरोबर सेंट्रिंगची कामं घेतो. नाक्यावरचे दादा, त्याची मंडळाची नोंदणी २०२१ ला झाली होती, दीड हजार आले होते म्हणतो. ती अजून चालू असेल का?

---

नाक्यावरचा

दरवर्षी केली असेल तर चालू. नाहीतर बंद, परत पहिल्यापासून ९० दिवसांचा दाखला. त्याला म्हणा तो आता स्वतः कामं घेतो ना, मग आपल्या हाताखालच्यांना दाखला त्यानंच सही करून द्यायचा, शंभर रुपये न मागता. कागद सांगतो: आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकची झेरॉक्स, फोटो. काही अडलं तर इथंच विचारा, मी आठनंतर असतो.

---

टर्नर_भोसरी

आत्ताच विचारलं. २०२२ नंतर नूतनीकरण केलंच नाही म्हणे, त्याला वाटलं ती स्कीम कोरोनापुरती होती.